तारुण्यपीटिकांवरील प्रकाश व लेसर उपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

तारुण्यपीटिका हा जीवघेणा विकार नव्हे. परंतु तो ज्या वयात आणि शरीराच्या ज्या भागावर उद्भवतो, त्यामुळे रुग्णाच्या मनावर त्याचा फार मोठा परिणाम होतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये या विकाराचे वर्णन आले असून तरुणांच्या मुखावरील या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे. विकार प्राचीन असला तरी त्यावरील प्रकाशाचे उपचार आधुनिक आहेत. गेल्या सुमारे सव्वाशे वर्षांत भौतिकशास्त्राने जो जो नवा किरण शोधून काढला, तो बहुधा काही काळातच तरुणांच्या चेहऱ्यावर आजमावला गेला. त्यांपैकी काही उपचार उपयुक्त ठरले, काही निरुपयोगी ठरले, तर एक अत्यंत घातक ठरला. या वाटचालीचा आढावा घेऊन नव्या उपचारपद्धतीची पारख कशाच्या आधारे व्हावी, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फिन्सेन आणि प्रकाशचिकित्सेचा पाया

आधुनिक प्रकाशचिकित्सेचा आरंभ नील्स फिन्सेन या डॅनिश वैद्यकापासून मानला जातो. फेरो बेटांवर १८६० मध्ये जन्मलेल्या फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयरोगावर कार्बन आर्क दिव्याच्या केंद्रित प्रकाशाने उपचार केले. १८९६ मध्ये कोपनहेगन येथे त्यांची प्रकाशचिकित्सा संस्था स्थापन झाली आणि १९०३ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या यशाचे श्रेय दीर्घकाळ अतिनील किरणांच्या जंतुनाशक शक्तीला दिले जात असे. मात्र २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी फिन्सेन यांची मूळ उपकरणे तपासली, तेव्हा त्यांच्या भिंगांतून ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पार होतच नव्हता असे आढळले. क्षयाच्या जिवाणूंतील पॉर्फिरिन ही द्रव्ये प्रकाश शोषून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप निर्माण करतात व त्यामुळे जिवाणू नष्ट होत असावेत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तारुण्यपीटिकांशी संबंधित जिवाणूही पॉर्फिरिन निर्माण करतात. निळ्या प्रकाशाचा आजचा उपचार याच तत्त्वावर आधारलेला आहे. म्हणजेच उपचार आधी रूढ झाला आणि त्याचे खरे कारण सुमारे शंभर वर्षांनंतर समजले.

क्ष-किरणांचा कालखंड

राँटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथे लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका बालिकेच्या पाठीवरील केसाळ जन्मखुणेवर त्यांचा वापर केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे किरण तारुण्यपीटिकांवरही सर्रास वापरले जाऊ लागले. क्ष-किरणांमुळे तैलग्रंथी आकसतात, चेहऱ्यावरील तेलकटपणा कमी होतो आणि पुळ्या ओसरतात, हे निरीक्षण चुकीचे नव्हते. त्यामुळेच विशेषतः अमेरिकेत अनेक दशके हा उपचार प्रतिष्ठित त्वचारोगतज्ज्ञांकडून दिला जात होता.

या उपचाराचे दुष्परिणाम मात्र अनेक वर्षांनंतर दिसू लागले. बालपणी मानेच्या भागावर किरणोत्सर्ग झालेल्यांमध्ये थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग अधिक आढळतो, याकडे १९५० पासून वैद्यकीय नियतकालिकांतून लक्ष वेधले जाऊ लागले. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने टॉन्सिल, थायमस ग्रंथी, तारुण्यपीटिका अशा कारणांसाठी पूर्वी किरणोपचार घेतलेल्या व्यक्तींनी तपासणी करून घ्यावी, यासाठी मोहीम हाती घेतली. पुळ्या काही महिन्यांत बऱ्या झाल्या होत्या. कर्करोग प्रकट होण्यास मात्र दशके लागली. उपचाराचा लाभ तत्काळ दिसतो आणि हानी विलंबाने, ही विसंगती या कालखंडाने ठळकपणे दाखवून दिली.

लेसरचा उदय

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर कार्यान्वित केला. त्यानंतर अल्पावधीतच सिनसिनाटी येथील लिऑन गोल्डमन यांनी त्वचेवरील त्याच्या परिणामांचा अभ्यास सुरू केला. या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. बारामती येथे १९३८ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले चंद्रकुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर विकसित केला. या लेसरचा प्रकाश पाण्यात त्वरित शोषला जात असल्याने त्वचेचा पातळ थर काढून टाकणे शक्य झाले. पुढे मुरुमांनंतर राहिलेल्या खड्ड्यांच्या उपचारात त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले.

१९८३ मध्ये रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी एक मूलभूत सिद्धांत मांडला. योग्य तरंगलांबी आणि पुरेसा अल्प स्पंदकाल निवडल्यास आजूबाजूच्या त्वचेला इजा न करता केवळ अपेक्षित घटकच तापवून नष्ट करता येतो, असे त्याचे सार आहे. त्वचेच्या लेसर उपचारांना यामुळे शास्त्रीय बैठक लाभली.

पुराव्यांची कसोटी

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०७ रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश एकत्र वापरल्यास दाहयुक्त पुळ्या लक्षणीय प्रमाणात घटल्याचे दिसून आले. २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने निळ्या प्रकाशाच्या उपकरणास अनुमती दिली. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४१ रुग्णांच्या चाचणीत स्पंदित रंजक लेसरच्या एकाच उपचाराने पुळ्यांची संख्या सुमारे निम्म्याने घटल्याची नोंद आहे. परंतु २००४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चेहऱ्याच्या एका बाजूवर याच प्रकारचा लेसर वापरून दुसरी बाजू उपचाराविना ठेवली होती. दोन्ही बाजूंत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेने ७१ चाचण्या व ४२११ सहभागी यांचा परामर्श घेऊनही ठाम निष्कर्ष काढण्याइतका दर्जेदार पुरावा उपलब्ध नसल्याचे नमूद केले. तारुण्यपीटिका आपोआप कमी-अधिक होत असल्याने तुलनेसाठी दुसरा गट किंवा चेहऱ्याची दुसरी बाजू नसेल, तर नैसर्गिक उतारही उपचाराच्या खात्यावर जमा होतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

२०२२ मध्ये अमेरिकेत १७२६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरला अनुमती मिळाली. ही तरंगलांबी तैलग्रंथींतील स्निग्ध द्रव्य विशेषत्वाने शोषून घेते. तैलग्रंथींना लक्ष्य करण्याचे क्ष-किरणांच्या काळातील उद्दिष्ट येथे आयनीकारक किरणांविना साधले जाते. भारतीय त्वचेच्या दृष्टीनेही या तरंगलांबीस महत्त्व आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन दृश्य प्रकाश अधिक प्रमाणात शोषते. त्यामुळे काही लेसरनी त्वचा भाजण्याचा वा काळे डाग राहण्याचा धोका वाढतो. १७२६ नॅनोमीटरला मेलॅनिनकडून होणारे शोषण तुलनेने अल्प असते. तथापि, हा उपचार अद्याप नवा असून त्याच्या दीर्घकालीन परिणामांची नोंद होण्यास अवधी लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, उपकरणाची नवता, तज्ज्ञाची प्रतिष्ठा अथवा तात्कालिक सुधारणा यांपैकी कोणतीही गोष्ट उपचाराच्या योग्यतेचा पुरेसा पुरावा ठरत नाही. क्ष-किरणांच्या बाजूने या तिन्ही गोष्टी होत्या. तुलनात्मक चाचणी आणि दीर्घकालीन पाठपुरावा हेच विश्वासार्ह निकष होत. विकार जितका सौम्य, तितका उपचाराच्या सुरक्षिततेचा आग्रह अधिक काटेकोर असावयास हवा. या विकाराने त्रस्त होणारा वयोगट प्रामुख्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा आहे. आकर्षक जाहिरातींना सामोरे जाणाऱ्या या विद्यार्थ्यांना ‘हा उपचार कोणाशी तुलना करून तपासला गेला आणि किती काळ तपासला गेला?’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हे विज्ञान आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापकांचे समान कर्तव्य ठरते.