नरसीहून औंढ्याकडे

इटलीतील उंब्रियात द्राक्षमळ्यांमधून, टेकड्यांवरील गावागावांतून यात्रेकरू दिवसभर चालतात. कापडव्यापाऱ्याचे पुत्र असिसीकर संत फ्रान्सिस (निधन १२२६) याच मुलखात निष्कांचन होऊन हिंडले. तशीच दिवसभराची एक वाट आम्हांस हिंगोली जिल्ह्यात आढळते.

कयाधूकाठचे नरसी हे परंपरेनुसार शिंपी कुळातील संत नामदेवांचे जन्मगाव (१२७०). तेथून ज्वारी-कपाशीच्या शिवारांतून औंढा नागनाथास जाता येते. विसोबा खेचर हे गुरू नामदेवांना औंढ्यासच लाभले, असे परंपरा सांगते. हीन जातीचा म्हणून देवळापुढून उठवले, तेव्हा नामदेव मागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आहे. औंढ्याचा नंदी देवळामागे आहे, त्याचे कारण भाविक हेच सांगतात. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. देवळातून उठवल्याचे दुःख त्यांतही उमटले आहे.

देऊळ फिरले की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न. माणसाला उठवले गेले, हा मात्र इतिहास होय. आणि त्यापासून आपलीही प्रार्थनामंदिरे सर्वस्वी मुक्त राहिली नाहीत. म्हणून वाटसरूने औंढ्याचे महाद्वार पाहावे, तशी मागची भिंतही पाहावी.