डफडे, ड्रम आणि वादकाचे नाव

यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयात इतिहास शिकवताना एक प्रश्न मला छळतो. राजवाड्याचा नगारखाना इतिहासात गेला. गावाचे डफडे वाजवणारा मांग मात्र इतिहासाबाहेर का राहिला? वरात असो की पोळा, विस्तवावर तापवून ताणलेल्या त्या कातड्यावाचून गावाचा सण उभा राहत नव्हता. पण त्या हातांच्या कौशल्याला कला म्हटले गेले नाही. ते जातीने लादलेले काम होते. मोबदला बलुत्याचा आणि जागा मांडवाबाहेरची.

अमेरिकेतल्या काळ्या वादकाचा इतिहास यासोबत ठेवून पाहावा. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवून माणसे गोळा केली. पुढच्याच वर्षी कायद्याने गुलामांचे ढोल बंद झाले. तिथे ढोल हिसकावला गेला, इथे तो गळ्यात अडकवला गेला. हुकूम दोन्हीकडे मालकाचाच.

न्यू ऑर्लिन्सचा काळा ड्रमवादक अर्ल पामर (१९२४–२००८) याच इतिहासाचा वारस. लिटल रिचर्डच्या १९५५ च्या 'टुटी फ्रुटी'मागचा ठेका त्याचा. पुढे गाण्याविना निव्वळ वाद्यांच्या रॉक अँड रोल तबकड्यांची लाट आली. 'बंबल बूगी'तही (१९६१) ड्रम त्यानेच वाजवला. तबकडीवर नाव मात्र 'बी. बंबल अँड द स्टिंगर्स' या कल्पित वाद्यवृंदाचे! तबकडी गाजताच दुसरेच तरुण त्या नावाने दौऱ्यावर गेले. श्रम एकाचे, टाळ्या दुसऱ्याला. ही रीत आपल्याला नवी नाही.

तरीही एक फरक आहे. पामरला रोख मजुरी होती, पाठीशी संघटना होती. पुढे लॉस एंजेलिसच्या वादक-संघटनेचा खजिनदार म्हणून तो निवडून आला. बलुत्यावर जगणाऱ्या आपल्या वादकाला ना दर ठरवता येत होता, ना नाही म्हणता येत होते.

'नाही' म्हणण्याचे बळ बाबासाहेबांनी दिले. १९२७ साली महाडला त्यांनी मृत जनावरांचे मांस सोडायला सांगितले. हीन ठरवलेली गावकामे नाकारण्याची ती वाट होती. त्या वाटेवर अनेकांनी डफडेही खाली ठेवले. दुसरीकडे अण्णाभाऊ साठ्यांच्या लालबावटा कलापथकाने १९४४ पासून डफ-ढोलकी कामगारांच्या व्यासपीठावर नेली. वाद्य ठेवणे आणि उचलणे या दोन्ही कृती मी मुक्तीच्याच मानतो, कारण दोन्हींत निर्णय वाजवणाऱ्याचा आहे.

विद्यार्थ्यांनो, आपापल्या गावातल्या वृद्ध डफडेवाल्यांकडे जा. त्यांचे ठेके, त्यांची मजुरी आणि सर्वांत आधी त्यांची नावे वहीत उतरवा.