समेटाचे माप

१९९० पासून रवांडात चाललेल्या यादवी युद्धाच्या पोटातच १९९४ चा वंशसंहार घडला. एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत पाच लाखांहून अधिक माणसे, बहुसंख्य तुत्सी, मारली गेली. मारणाऱ्यांत सैनिकांबरोबर शेजारीही होते. पुढे शिक्षा भोगून सुटलेले अपराधी आणि जिवानिशी वाचलेले लोक त्याच टेकड्यांवर पुन्हा राहू लागले. त्यांची मने कितपत जुळली, हे १९९९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऐक्य व समेट आयोगाने देशव्यापी पाहण्यांद्वारा मोजले. समेटाचे प्रमाण २०१० मध्ये शेकडा ८२.३, २०१५ मध्ये ९२.५ आणि २०२० मध्ये ९४.७ असे नोंदले गेले.

हे आकडे खोटे म्हणण्याचे कारण नाही. पण ते कशाचे आहेत, हे पाहिले पाहिजे. किन्यारवांडा भाषेत समेटाला ‘उब्वियुंगे’ म्हणतात. त्यामागील क्रियापदाचा अर्थ जोडणे असा असून मोडलेले हाड सांधण्यासही तेच वापरतात. मराठीत समेट तंट्याचा होतो, दिलजमाई मनांची होते. तेथे रूपक हाडाचे आहे. सांधलेला हात कामाला लागतो, पण म्हणून तो ठणकत नाही असे नव्हे. तेव्हा शेजाऱ्याशी समेट झाल्याचे सांगणारी विधवा क्षमेविषयी बोलते की केवळ एकत्र वावरण्याविषयी, हे टक्केवारीवरून कळत नाही. शिवाय विचारणारा सरकारी आयोग होता, आणि ‘वंशसंहाराची विचारसरणी’ बाळगणे २००८ च्या कायद्याने दंडनीय ठरले होते. अशा ठिकाणी उत्तर हे मनाचे जितके, तितकेच उघड बोलता येण्याच्या मर्यादेचे साधन ठरते. इतिहासकाराच्या दृष्टीने हेही मूल्य थोडे नव्हे.

सिएरा लिओनमध्ये (युद्धकाल १९९१-२००२) प्रश्नच वेगळे पाडण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०० गावांतील २,३८३ लोकांची पाहणी होती. त्यांपैकी निम्म्या गावांत, चिठ्ठ्या टाकून निवडाव्या तशा यदृच्छेने, ‘फाम्बुल टोक’ म्हणजे ‘घरच्यांचे बोलणे’ या नावाच्या सभा भरल्या. तेथे पीडित बोलले, अपराध्यांनी कबुली दिली. त्या गावांत क्षमाशीलता वाढली, परस्परांचे संबंधही वाढले. परंतु त्याच लोकांत चिंता, विषण्णता आणि आघाताची लक्षणे अधिक आढळली, आणि सुमारे तीन वर्षांनंतरही ती टिकून होती. केवळ समेटच मोजला असता, तर ही किंमत कोणाच्याही दृष्टीस पडली नसती.