औषधाचं बोट धरून आलेला पेला

हॉटेलातल्या पेयांच्या यादीत हल्ली एक प्रकार हमखास दिसतो. उंच पेला घ्यायचा, तळाशी स्ट्रॉबेरी किंवा तुती हलक्या हाताने चेचायची, लिंबू पिळायचं, थोडी साखर घालायची. पुदिन्याची पानं तळहातावर एकदा थोपटून आत टाकायची. ती फार रगडली तर कडवटपणा उतरतो. मग बर्फ, मापभर वोडका आणि वर सोडा. नावं निरनिराळी असतात, कृती साधारण हीच. मला या पेल्यात रस आहे तो इतिहासाचा विद्यार्थी म्हणून. फळ, पाला आणि दारू ही मंडळी एकत्र आली कशी? त्यांतलं घरचं कोण आणि पाहुणं कोण?

आधी नाव पाहू. स्लाव भाषांत ‘वोदा’ म्हणजे पाणी आणि ‘वोडका’ हे त्याचंच लाडकं रूप. आपल्या ‘उदक’ शब्दाचं आणि ‘वोदा’चं मूळ एकच आहे. नाव इतकं निरुपद्रवी असल्यावर औषधाच्या कपाटात जागा मिळायला उशीर कसा लागणार?

१५३४ साली पोलंडमधल्या क्राकूव शहरात स्टेफान फालिमिश याचं वनस्पतींच्या गुणांवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात पाल्यापासून काढायच्या ७०हून अधिक वोडकांची माहिती आहे. त्या औषधं होत्या, काही प्यायच्या आणि काही अंगाला चोळायच्या. यामागे खरं शास्त्र होतं. पुदिन्यातला मेंथॉल पाण्यात नावापुरताच विरघळतो, पण मद्यार्कात सहज विरघळतो. पाल्याचा गुण उतरवून घ्यायचा आणि टिकवायचा, तर मद्यार्कासारखं साधन नाही. आपली आसवं आणि अरिष्टं याच अनुभवावर उभी आहेत. फरक एवढाच, की त्यांतला मद्यार्क आंबवण्यातून तयार होतो. म्हणजे सुरुवातीला पाला हा रोगी बरा करणारा वैद्य होता आणि दारू ही त्याला घेऊन येणारी गाडी होती.

औषधाचं पेय झालेली उदाहरणं आपल्या ओळखीची आहेत. फारसीतला ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचा ‘जुलाब’ झाला, म्हणजे औषध गोड करण्याचा पाक. तोच युरोपात ‘जुलेप’ झाला आणि अमेरिकेत पोचल्यावर पुदिना घातलेली थंडगार दारू झाला. मराठीत मात्र ‘जुलाब’ रेचकाकडे गेला आणि तिथेच राहिला! दुसरा शब्द ‘पंच’. १६७०च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर फिरलेला जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर लिहितो, की इथले इंग्रज गोव्याच्या अरकापासून पाच जिनसांचं पेय करतात आणि म्हणून त्याला ‘पाँच’ म्हणतात. ही व्युत्पत्ती काही अभ्यासकांना मान्य नाही. पण दारूत लिंबू, साखर, पाणी आणि मसाला घालून पिण्याची रीत या किनाऱ्यावरून इंग्लंडला गेली, एवढं नक्की.

रशियात हीच जोडी वेगळ्या कारणाने टिकली. तिथली वोडका मुख्यतः राय या धान्याची. साध्या भट्टीतून निघणाऱ्या दारूला उग्र, नकोसा वास असे. तो लपवायला रानातली फळं कामी आली. क्रॅनबेरी, काळी करंट, रोवनच्या झाडाची लाल फळं, कधी मध, कधी बडीशेप. जमीनदारांच्या घरात अशा भिजवणींच्या बरण्या रांगेने मांडलेल्या असत. इथे पाल्याचं काम बदललं. तो वैद्य राहिला नाही, तो पडदा झाला.

पुढे दारू शुद्ध होत गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीला सेंट पीटर्सबर्गमधल्या लोवित्स या रसायनतज्ज्ञाने लाकडी कोळशाने ती स्वच्छ करता येते हे दाखवलं. एकोणिसाव्या शतकात अखंड चालणाऱ्या भट्ट्या आल्या. १८९४पासून अर्थमंत्री वित्ते यांनी वोडकाच्या विक्रीची सरकारी मक्तेदारी टप्प्याटप्प्याने सुरू केली. पहिल्या महायुद्धाच्या आधी झारच्या तिजोरीत येणाऱ्या दर चार रुबलांतला सुमारे एक रुबल वोडकाचा होता. प्रजेच्या व्यसनावर राज्य चालत होतं, असं म्हटलं तर ते फार अतिशयोक्त होणार नाही. १९१४ साली युद्ध सुरू होताच झारने दारूबंदी केली आणि ऐन युद्धात ते उत्पन्न गमावलं. ४० टक्क्यांची वोडका बोल्शेविक सरकारने १९२५ साली पुन्हा विकायला काढली.

तिसरा टप्पा अमेरिकेतला. रशियातून परागंदा झालेल्या स्मिर्नोव्ह घराण्याच्या वोडकाचे तिथले हक्क १९३९ साली ह्यूब्लाइन कंपनीने अवघ्या १४,००० डॉलरना घेतले. गिऱ्हाईक मिळेना. १९४१च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये आल्याची बिअर, लिंबू आणि वोडका तांब्याच्या मगात घालून ‘मॉस्को म्यूल’ हे पेय निघालं आणि चक्र फिरलं. १९४९ साली अमेरिकी नियमांनी वोडकाची व्याख्याच अशी केली, की तिला स्वतःचा स्वाद, वास किंवा रंग नसावा. ही अट २०२०पर्यंत होती. तोंडाला वास येत नाही, हाच जाहिरातीचा मुद्दा झाला. १९७०च्या दशकात वोडकाने तिथे व्हिस्कीला मागे टाकलं.

आता पडद्यामागे लपवायला वासही उरला नव्हता. पेल्यातली सगळी चव फळाची, सगळा सुगंध पाल्याचा. आणि पिणाऱ्याला आपण किती दारू घेतो आहोत याची खूण सांगायला जीभही नाही, नाकही नाही. मला या इतिहासातली काळजीची गोष्ट वाटते ती हीच. उग्र दारू निदान स्वतःची वर्दी देत असे.

औषधाचं बोट मात्र अजून सुटलेलं नाही. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यार्क असलेल्या औषधांवरही निर्बंध घातले होते. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते निर्बंध रद्द केले, कारण औषधाला मद्यार्क लागतो हे खरंच होतं. पण पुढे पिण्याचे परवाने दिले गेले तेही आरोग्य जपण्याच्या कारणासाठी! जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ साली स्पष्टच सांगितलं, की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही.

मग त्या पेल्यातला ताजेपणा कुणाचा? मेंथॉल आपल्या जिभेवरचे थंडी ओळखणारे ग्राहक जागे करतो. ते कसे, हे २००२ साली उलगडलं. तापमान न बदलता गार वाटतं ते त्यामुळे. आंबटगोड चव फळाची, तजेला लिंबाचा. दारू उलट शरीरातलं पाणी कमी करते. इतिहासाचा हिशेब मांडला तर फळ आणि पाला हेच या घरचे यजमान आहेत. वोडकाचं माप वगळून तोच पेला करून बघा. उन्हाळ्यासाठी त्यात काहीच कमी पडत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)