ठोकलेल्या गाडीचा पडलेला भाव

डोंबिवलीच्या एखाद्या गल्लीत जुनी गाडी विकायला उभी असते. गिऱ्हाईक बॉनेट उघडतं, मडगार्डच्या नटांवरचा रंग पाना लागून उडालाय का ते वाकून पाहतं, दार दोनदा आपटून आवाज ऐकतं आणि विचारतं, ‘‘गाडी ठोकलेली आहे का?’’ डेंटिंग-पेंटिंग कितीही चोख असो, त्या प्रश्नानंतर भाव उतरतोच.

हा उतरलेला भाव कोणी भरून द्यायचा? अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये विमा कंपनीलाच तो मोजायला लावला. आपल्याकडे मुळात गाडीच्या नुकसानीकडेच कायद्याचं लक्ष उशिरा गेलं. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात 1956 च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणं आली, ती मृत्यू आणि इजेसाठी. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान सक्तीच्या विम्यात आलं 1969 च्या दुरुस्तीने, तेही 2,000 रुपयांपुरतं. 1982 मध्ये त्याचे 6,000 झाले. 1988 मध्ये नवा कायदा झाला, पण आकडा तोच राहिला! त्यावरची रक्कम धडक देणाऱ्या मालकाकडून मागावी लागे, किंवा त्याने जास्तीचं संरक्षण घेतलं असेल तर त्याच्या कंपनीकडून. स्वतःच्या पॉलिसीत पाहावं, तर घसारा आणि परिणामी नुकसान दोन्ही वगळलेले.

कल्याणच्या माणसाची गाडी सोलापूरकडे ठोकली गेली, तर पूर्वी दावा तिकडेच लावावा लागे. तारखेसाठी रात्रीची गाडी पकडायची आणि वकीलही अनोळखी गावातला गाठायचा. हे 14 नोव्हेंबर 1994 ला बदललं. अर्जदार राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा चालू लागला आणि ठाण्यातला ओळखीचा वकील नेमता येऊ लागला. छोट्या माणसासाठी ही दुरुस्ती फार मोठी होती.

वकिलाने फी म्हणून वसुलीतली टक्केवारी घ्यावी का, हा प्रश्न याहून जुना आहे. मुंबईच्या एका वकिलाने वसुलीतला निम्मा हिस्सा फी म्हणून ठरवून घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. बार कौन्सिलचे नियम आजही तेच सांगतात आणि पक्षकार मिळवण्यासाठी जाहिरात करायलाही मनाई करतात. वकिलांना पक्षकार मिळवून देणाऱ्या दलालांच्या याद्या न्यायालयात लावण्याची 1879 च्या कायद्याखालची तरतूद 2023 च्या दुरुस्तीने अ‍ॅडव्होकेट्स कायद्यात आली, यावरून दलालीचा रोग किती चिवट आहे ते कळतं. ‘‘पैसे मिळाल्यावर निम्मे द्या,’’ म्हणणाऱ्या वकिलापासून चार हात लांब राहिलेलंच बरं.

मग वकील कसा पारखायचा? भाव पडला हे तो कशाने सिद्ध करणार, एवढं विचारावं. अपघाताआधीची आणि दुरुस्तीनंतरची किंमत सांगणारा मूल्यमापक साक्षीला उभा करावा लागतो आणि उलटतपासणीत तो टिकावा लागतो. सर्व्हेअरचा अहवाल ओळ न ओळ वाचणारा वकील इथे कामाचा. भांडण स्वतःच्याच विमा कंपनीच्या सेवेशी असेल, तर ग्राहक आयोगात वकिलाशिवायही तक्रार मांडता येते.

न्यायाधिकरणात दावा लावण्याची मुदत 1994 मध्ये उठली होती. 1 एप्रिल 2022 पासून ती परत आली आहे, अपघातापासून सहा महिने. तेव्हा वकिलाकडे जायला उशीर करू नका. आणि जाताना पंचनामा, सर्व्हेअरचा अहवाल, गॅरेजचं बिल आणि दुरुस्तीआधीचे फोटो सोबत न्या.