मातीला इन्साफ हवा

शेतकरी माती पारखतो, ही गोष्ट जुनीच. अकराव्या शतकात अंदलुसमधील तुलैतुला, म्हणजे आजच्या टोलेडोच्या इब्न बस्सालने आपल्या अरबी ग्रंथात मातीचे दहा प्रकार सांगितले. बाराव्या शतकात इश्बिलियाच्या, म्हणजे सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने ‘किताब अल-फिलाहा’त जुन्या ग्रंथकारांच्या मतांबरोबर स्वतः करून पाहिलेल्या गोष्टीही नोंदवल्या.

हे ऐकले की मुले खूश होतात. “म्हणजे प्रयोग आपणच शोधला ना, आपा?” हा प्रश्न हमखास येतो. टाळ्या मिळवायच्या तर ‘हो’ म्हणून मोकळे होता येते. पण अनुभव आणि तुलनेचा प्रयोग यांत अंतर आहे, आणि ते मुलांना कळले पाहिजे.

बेल्जियमच्या व्हॅन हेल्माँटचा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये छापला गेला. त्याने 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी दिले. झाड 169 पौंडांचे झाले, माती मात्र जेमतेम दोन औंस घटली. त्याने निष्कर्ष काढला, झाड पाण्यापासून बनते. वजने चोख होती, पण तुलनेला दुसरी कुंडी नव्हती. हवेचा तर विचारही नव्हता. 1699 मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिन्याची रोपे वेगवेगळ्या पाण्यात ठेवली. बागेची माती मिसळलेल्या पाण्यातले रोप शुद्ध पाण्यातल्यापेक्षा जास्त वाढले. शेजारी ठेवलेल्या बाटलीने एकट्या कुंडीचा दावा मोडला.

मी भाषा शिकवते, तरी हा धडा वर्गात करून घेते. सारखे डबे, तळाला सारखी भोके, काळी माती, लाल माती आणि रेती, प्रत्येकात दहा-दहा मूग. काळ्या मातीचा कैवारी चोरून तिला जास्त पाणी घालतो. दुसरा लगेच ओरडतो, “ही नाइन्साफी आहे!” हा शब्द मला शिकवावा लागत नाही. बदलायची ती फक्त माती. पाणी, ऊन, बियाणे सगळ्यांना सारखे.

तरी एक पेच उरतो. खिडकीजवळची जागा कुणाला? इंग्लंडमधील रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात 1919 पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशरपुढेही असाच पेच होता: एकाच शेताचा एक कोपरा सुपीक, दुसरा नापीक. कोणते खत कुठे पडेल, हे माणसाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठीसारखे नशिबावर सोपवावे, असा मार्ग त्याने दाखवला. प्रत्येक मातीचे एकापेक्षा जास्त डबे ठेवले, तर हे शाळेतही जमते. आम्ही चिठ्ठ्याच काढतो.

आमच्या मुलांना इब्न बस्सालचे नाव माहीत असावे, ही माझी इच्छा आहे. पण उद्या मोबाइलवर ‘सगळे शोध आमचेच’ असा संदेश आला, मग तो कोणत्याही समाजाचा असो, तर त्यांनी आधी विचारावे: तुलनेचा दुसरा डबा कुठे आहे?