बारामतीचे पटेल आणि लोखंड कापणारा उजेड

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्याहून नगरच्या दिशेनं निघालं, की सणसवाडी, शिक्रापूर मागं टाकून रांजणगाव येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्यांची रांग लागते. पत्र्याची कामं, वेल्डिंग, पावडर कोटिंग आणि त्यात अधूनमधून 'लेझर कटिंग'. ही पाटी पहिल्यांदा धावत्या एसटीतून पाहिली तेव्हा मी ती 'लेझीम' अशी वाचली होती. इथं लेझमा बनवतात की काय, असं वाटून गेलं. कवी माणसाची नजर, जे ओळखीचं तेच आधी वाचते.

पुढं एका स्नेह्याबरोबर शिरूर तालुक्यातल्या अशाच एका शेडमध्ये जाण्याचा योग आला. टेबलावर पोलादी पत्रा पसरलेला. त्यावरून एक छोटं तोंड पत्र्याला न टेकता सरकत होतं आणि खाली ठिणग्या उडत होत्या. यंत्र चालवणारा मुलगा दौंडकडचा, आयटीआय झालेला. "चाचा, जरा मागं. काचेतूनच बघा," म्हणाला. मी विचारलं, "यातला उजेड कुठं आहे?" तो हसला. "तो दिसत नाही. दिसतंय ते लोखंड जळतंय." मिनिटाभरात पत्र्यातून गोल चकती सुटून खाली पडली. कडेवरून कानस फिरवायचीही गरज नव्हती. "हे कुणी शोधून काढलं रे?" मी विचारलं. "जर्मनीवाल्यांनी असेल," तो म्हणाला.

ते यंत्र जुन्या पद्धतीचं होतं, कार्बन डायऑक्साइड लेझरचं. आणि तो लेझर शोधणारा माणूस जर्मनीचा नव्हता. त्या मुलाच्या दौंडपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या बारामतीत तो जन्मला होता. चंद्रकुमार नारणभाई पटेल, जन्म २ जुलै १९३८. जगातल्या पुस्तकांत ते कुमार पटेल म्हणून ओळखले जातात. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली त्यांनी दूरसंचार विषयातली पदवी घेतली. बारामतीहून दौंडला येणारी रेल्वे तेव्हा नॅरोगेज होती. पुण्याला रेल्वेनं जायचं तर दौंडला उतरून मोठ्या गाडीत बसावं लागे. पदवीनंतर ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेल लॅबोरेटरीत रुजू झाले.

त्या वेळी लेझर जेमतेम वर्षाचं पोर होतं. त्याचं बीज मात्र जुनं. १९१७ साली आइन्स्टाइननं कागदावर मांडलं होतं, की ऊर्जा भरून तयार असलेल्या अणूवर योग्य तो प्रकाश पडला, तर तो अणू आपल्याजवळची ऊर्जा तशाच प्रकाशाच्या रूपात सोडून देतो. एकाचे दोन, दोनाचे चार. हे प्रत्यक्ष करून दाखवायला १६ मे १९६० उजाडावा लागला. थिओडोर मेमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं माणकाच्या कांडीतून पहिला लेझर झोत काढला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये तेहरानला जन्मलेल्या अली जावान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायूचा पहिला लेझर पेटवला. माणकाचा लेझर विजेसारखा लखकन चमकून विझे. हा मात्र अखंड तेवत राहणारा.

साधा उजेड आणि लेझर यांत फरक काय? दौंड तालुक्यातल्या श्रोत्यांना तो सांगणं मला सोपं जातं. आठवडेबाजारातली गर्दी पाहा. माणसं पुष्कळ, पण जो तो आपल्या वाटेनं, आपल्या चालीनं. बल्बचा उजेड असा असतो. आणि आषाढात तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत बारामतीकडे निघते, तेव्हा एखाद्या दिंडीची पावली पाहा. शेकडो पायांचा ठेका एक, दिशा एक. लेझरमधल्या प्रकाशलहरी अशा चालतात. म्हणून तो फारसा पसरत नाही, लांबवर जातो आणि भिंगातून एका टाचणीच्या टोकावर गोळा करता येतो.

पण करायचं काय या झोताचं? त्या काळी शास्त्रज्ञच थट्टा करत, की उत्तर सापडलंय, आता त्याला शोभेल असा प्रश्न शोधा. अडचण ताकदीची होती. जावान यांच्या लेझरमध्ये शंभर भाग वीज घातली तर एक भागही उजेड निघत नसे. पटेलांनी इथं वेगळी वाट धरली. इतर लोक अणूंच्या मागं होते, ते रेणूकडे वळले. रेणू म्हणजे स्प्रिंगनं जोडल्यासारखे दोन-तीन अणू, ते थरथरू शकतात. या थरथरीतून प्रकाश काढायचा, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यासाठी निवडला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण उच्छ्वासातून सोडतो तो वायू. १९६४ मध्ये त्यांचा शोध प्रसिद्ध झाला. मग त्यांनी त्यात नायट्रोजन मिसळला. विजेनं आधी नायट्रोजनचे रेणू थरथरतात आणि धक्का देऊन ती थरथर कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करतात. या दोघांची ऊर्जेची पातळी जवळजवळ सारखी, त्यामुळे देवाणघेवाणीत फारसं वाया जात नाही. पुढं हेलियमची जोड मिळाली. वॉटच्या हजाराव्या भागात मोजायची ताकद वर्ष-दोन वर्षांत शंभर वॉटच्या पलीकडे गेली. शंभरातले दहा-वीस भाग उजेड मिळू लागला. हा उजेड अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. शेडमधला मुलगा बरोबरच सांगत होता.

१९६७ साली इंग्लंडमध्ये या झोताच्या जोडीला ऑक्सिजनची फुंकर देऊन पोलादाचा पत्रा कापला गेला. रांजणगावच्या पाट्यांचं मूळ तिथं आहे. पुढची चाळीसेक वर्षं कारखान्यांतल्या लेझर कटिंगवर पटेलांच्या लेझरचंच राज्य होतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत काचेच्या तंतूतून निघणाऱ्या फायबर लेझरनं धातूचं काम बरंचसं हिरावून घेतलं, हेही सांगितलं पाहिजे. पण पटेलांचा लेझर निकालात निघालेला नाही. लग्नपत्रिकेवरची जाळी, अॅक्रिलिकच्या नावाच्या पाट्या, शाळेच्या बक्षिसांवरची अक्षरं अजून तोच कोरतो. म्हणजे तो कारखान्यातून निघून बाजारपेठेत आला.

दवाखान्यात तर त्याची गरज वेगळीच. आपलं मांस म्हणजे बहुतांशी पाणी आणि या लेझरचा प्रकाश पाण्यात चटकन शोषला जातो. त्यामुळे जिथं पडेल तेवढाच थर जाळतो, खोल शिरत नाही आणि बारीक रक्तवाहिन्या जागीच बंद करतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेत घशातल्या स्वरतंतूंवर त्यानं शस्त्रक्रिया होऊ लागल्या. ज्याचं पोट आवाजावर चालतं, त्याला याची किंमत कळावी.

डोळ्यांना मात्र हा चालत नाही, तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातच अडतो. तिथं दुसरे लेझर लागतात. मधुमेहानं पोखरलेल्या नेत्रपटलाला वाचवणारा हिरवा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुन्हा धरलेली साय फोडणारा आणखी एक. आणि इथंच मला राग येतो. डोळ्याच्या आतपर्यंत सहज पोचणारा तोच हिरवा झोत आपण मिरवणुकीत गर्दीवर फिरवतो. डोळ्याचं भिंग तो नेमका नेत्रपटलावर एकवटतं. २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर तरुण मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याचं नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उत्सवात अशा दिव्यांना बंदी घातली. मिरवणूक गणपतीची असो, उरुसाची असो की लग्नाची वरात, ज्याची दृष्टी गेली त्याला आदेशाचा कागद वाचता येत नाही.

बाकीचे लेझर आपल्या घरात कधी शिरले, कळलंही नाही. दुकानात मालावरच्या काळ्या रेघा वाचणारी लाल रेष, गाण्यांची सीडी, कार्यालयातला प्रिंटर. मोबाइलवरचं बोलणंही काचेच्या तंतूतून लेझरच वाहून नेतो. उसाचं रान सपाट करायला ट्रॅक्टरमागं लेझर लावतात, मग पाणी एका कोपऱ्यात तुंबत नाही. आणि हे सगळं बाहेरून आलं असंही नाही. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात १९६४ मध्येच अर्धवाहकाचा लेझर तयार झाला होता. दुसऱ्या वर्षी त्याच्या झोतावरून ट्रॉम्बे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा सुमारे वीस किलोमीटरचा संदेश गेला.

पटेल पुढं बेल लॅबमध्ये मोठ्या हुद्द्यावर पोचले. १९७० च्या दशकात त्यांनी फुग्याबरोबर लेझरचं उपकरण वर पाठवून उंचावरच्या हवेतला नायट्रिक ऑक्साइड मोजला. ओझोनच्या काळजीचा तो काळ होता. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. मी दौंड-शिरूर भागात चार शिकलेल्या माणसांना त्यांचं नाव विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. एक जण म्हणाले, "पटेल ना? मग ते गुजरातचे." आडनावावरून माणसाचं गाव ठरवून टाकणाऱ्यांचा अनुभव मला आयुष्यभर आहे, मराठीत कविता लिहूनसुद्धा. म्हणून मी त्यांना जन्मगाव पुन्हा सांगितलं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आता लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायची आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेझरचा झोत आणि टोकांना आरसे. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी, १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याची लहर टिपली. त्या शोधामागं पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर यांचं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं अनेक वर्षांचं गणित होतं. नळ्यांतला मुख्य लेझर वेगळ्या जातीचा आहे. पण त्याच्या तापानं काचेचा आकार केसाच्या कितीतरी भागानं बिघडतो. तो ठिकाणावर आणायला काचेला दुसऱ्या झोतानं नेमकी, मोजून ऊब द्यावी लागते. अमेरिकेतल्या यंत्रांत ती ऊब कार्बन डायऑक्साइड लेझर देतो. औंढ्याची वेधशाळाही त्याच आराखड्यावर उभी राहायची आहे.